कच्ची वही

कच्चं फाडायचं आणि पक्कं ठेवायचं. एकतीस वर्षं मी पोरांना हेच सांगत आले. खाडाखोड मला बघवतच नाही. पुस्तकाचा परिचय असो नाहीतर निबंध, आधी कच्च्या कागदावर काय ते गिरबटा, मग पक्क्या वहीत उतरवा आणि तो कच्चा कागद माझ्या डोळ्यांदेखत केराच्या टोपलीत टाका. माझं नाव मालन खरमाटे, वडूजच्या आमच्या शाळेत मी ग्रंथपाल आहे, पण पोरं पाठीमागं मला 'पक्क्या बाई' म्हणतात. म्हणेनात का! मला त्याचं कौतुकच होतं.

माझा दुसरा नियम म्हणजे ग्रंथालयात तोंड उघडायचं नाही. काही सांगायचं असेल तर लिहून द्यायचं. पंखा कुरकुरतोय, शेजारचा चिमटे काढतोय, पोटात दुखतंय, सगळं चिठ्ठीवर. मी चिठ्ठी वाचायची, खाली शेरा मारायचा आणि परत द्यायची. हे दोन नियम आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते ह्या दोन नियमांनी झालं. नुसत्या यंत्राच्या नावानं बोटं मोडून मोकळं होता आलं असतं, पण मग मी माझ्याशीच खोटं बोलले असते.

दोन वर्षांपूर्वी शाळांमध्ये ब्लॉगचा तास सुरू झाला. आठवीच्या पोरांनी गट करून ग्रंथालयात बसायचं आणि दर शुक्रवारी आपल्या गावाबद्दल ब्लॉग लिहायचा. मार्क गटाला, एकट्या-दुकट्याला नाहीत. त्यातला एक गट तिघांचा होता. जोया मुलाणी, रुद्र जगदाळे आणि ईश्वरी फडतरे. त्यांच्या ब्लॉगचं नाव 'वडूजची वटवट'. रुद्र फोटो काढायचा, जोया माहिती गोळा करायची आणि लिहायची ती ईश्वरी.

काय लिहायची कार्टी! प्रत्येक लेख 'खरं सांगू का?' असा सुरू व्हायचा. एसटी स्टँडवर तिनं लिहिलं होतं, 'खरं सांगू का? चौकशीच्या खिडकीत आपण चौकशी करायची नसते, ते आपली करतात. कुठं निघालात? कुणाकडं? एवढ्या लवकर कशाला? तोवर गाडी निघून जाते.' तिची आई रोहिणीताई त्याच डेपोत कंडक्टर. वडील लष्करात, वर्षातून एकदा घरी. आईनं तो लेख डेपोत सगळ्यांना वाचून दाखवला आणि खिडकीतल्या साहेबांनी आठवडाभर तिच्याशी अबोला धरला. मी मात्र तो तीनदा वाचून एकटीच हसले.

ब्लॉगबरोबर 'मेळ' आलं. मेळ म्हणजे पोरांचं लिखाण जुळवणारं यंत्र. यंत्र कसलं, प्रत्येक टॅबमध्ये बसलेला एक प्रोग्राम. त्याच्या प्रशिक्षणाला मी साताऱ्याला गेले होते, तिथं इंजिनिअरनं समजावलं ते असं. जूनपासून ऑगस्टपर्यंत मेळ नुसतं वाचतं. हे पोर कुठले शब्द वापरतं, वाक्य किती लांब करतं, कुठं विनोद करतं, कुठं अडखळतं, सगळं आकड्यांत मांडून ठेवतं. त्याला म्हणायचं त्या पोराचा ठसा. ठसा तयार झाला की मेळ त्या पोराचं कच्चं लिखाण हातात घेतं आणि ठशाशी ताडून बघतं. जे ठशात बसतं ते ठेवतं, जे बसत नाही ती चूक समजतं आणि त्या पोरानं एरवी कसं लिहिलं असतं ते तिथं घालतं. शेवटी गटातल्या सगळ्यांचे तुकडे जोडून एकसंध लेख करतं.

"आणि एखादं पोर गैरहजर असलं तर?" मी विचारलं होतं.

"त्याचा भाग ठशावरून मेळच लिहितं, मॅडम. एकापायी गटाचं नुकसान नको."

ऑगस्टच्या शेवटी रुद्रला गालफुगी झाली तेव्हा आम्ही ते पाहिलंच. त्याच्या नावानं मेळनं अर्धं पान लिहिलं आणि त्यात तीन ठिकाणी खाण्याचा विषय काढला. जोया आणि ईश्वरी तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या. परत आल्यावर रुद्रनं ते वाचलं आणि चिठ्ठी लिहून दिली, 'बाई, हे मीच लिहिलंय असं वाटतंय. पुढच्या आठवड्यात पण येऊ नको का?' मी शेरा मारला, 'गुपचूप ये.'

सप्टेंबरात जिल्ह्याची ब्लॉग स्पर्धा जाहीर झाली. मेळमध्ये दुरुस्ती किती करायची ह्याचे तीन पर्याय होते, थोडी, बरीच आणि पूर्ण. मी पूर्णवर बोट ठेवलं. पडद्यावर सूचना आली, 'पूर्ण दुरुस्तीत मूळ मजकुराचा अर्थ बदलण्याची शक्यता आहे. मान्य?' मी मान्य केलं. असल्या सूचना कोण वाचत बसतं? पोरांनी टॅबवर लिहिलेलं मूळ लिखाण 'कच्ची वही' ह्या नावाखाली साठत होतं, तेही मी दर शनिवारी शाळा सुटताना त्या त्या आठवड्यापुरतं माझ्या हातानं पुसायची. ते कधी वाचायची नाही. कच्चं कशाला वाचायचं?

दसऱ्यानंतर ईश्वरी गप्प गप्प राहायला लागली. तिच्या हातून पेन पडायचं. मधूनच हाताला झटका बसायचा आणि टॅब हलायचा. मी डोळे वटारायची. जोया पटकन वाकून पेन उचलायची, रुद्र टॅब धरून ठेवायचा. दोघं तिच्या दोन बाजूंना चिकटून बसायचे. मला वाटलं, काय एकी आहे ह्यांची! शिक्षकांच्या खोलीत मी त्यांचं उदाहरण द्यायची. वर्गातही गृहपाठापासून उत्तरपत्रिकेपर्यंत सगळं टॅबवर आणि तिथंही मेळ बसलेलं. वटवट करणारी पोरगी गप्प झाली तर गुरुजी खूशच होतात. तक्रार करणार कोण?

आणि ब्लॉग? ब्लॉग तर एकापेक्षा एक सरस येत होता. डिसेंबरात 'वडूजची वटवट'ला जिल्ह्यात पहिला नंबर मिळाला.

त्याच आठवड्यात मी साताऱ्याच्या गाडीत चढले तर रोहिणीताई तिकीट फाडत आल्या. मला बघितल्यावर पिशवी सावरून शेजारीच टेकल्या.

"बाई, तुमचे उपकार. ड्युटीपायी माझं पोरीकडं लक्ष नसतं. शुक्रवारी तिचं वाचते तेव्हा जिवाला बरं वाटतं बघा."

"हुशारच आहे हो. तब्येत तेवढी जपा, जरा अशक्त वाटते."

"डॉक्टरांकडं नेली होती की मागच्या आठवड्यात. हात उडतोय, विसरतीये, म्हटलं बघावं. त्यांनी विचारलं, अभ्यासात मागं पडलीये का? मी हा ब्लॉगच दाखवला त्यांना. वाचून हसले की ओ! म्हणाले, असं लिहिणाऱ्या पोरीच्या डोक्याला काय धाड भरलीये? वयात येताना होतं असं. लोहाच्या गोळ्या दिल्यात."

"मग झालं तर," मी म्हणाले. झालं तर! त्या दिवशी खिडकीतून बघत बघत मी साताऱ्यापर्यंत खुशीत गेले.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. दुपारचा तास होता. ईश्वरी पुस्तक जागेवर ठेवायला कपाटापाशी गेली आणि तिथंच उभी राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग पुस्तक हातातून पडलं आणि ती माझ्याकडं वळून मोठ्यानं म्हणाली, "आई."

सगळा वर्ग फिस्सकन हसला. मी टेबलावर पट्टी आपटली.

"तोंड बंद! काय सांगायचं ते लिहून दे."

ती आली. मी तिच्यापुढं कोरा कागद सरकवला, पेन्सिल दिली. तिनं पेन्सिल मुठीत धरली, बालवाडीतलं मूल धरतं तशी. कागदावर तीन-चार आडव्या रेघा ओढल्या, एक वेलांटीसारखं काहीतरी काढलं आणि शेरा घ्यायला कागद माझ्यापुढं केला. सात महिन्यांत तिच्या स्वतःच्या हातचं मी पहिल्यांदाच बघत होते.  

दोन दिवसांत तिला पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. मी रोहिणीताईंबरोबर गेले. तिथल्या डॉक्टर कोतवाल वयानं लहान पण बोलायला सरळ. त्यांनी विचारलं, "हिला गोवर कधी झाला होता?"

"सात महिन्यांची असताना," रोहिणीताई म्हणाल्या. "नवव्या महिन्याची लस घ्यायच्या आधीच. पण आठवड्यात बरी झाली होती."

"अंगावरचा गोवर बरा होतो. लाखात एखाद्या मुलाच्या मेंदूत मात्र तो विषाणू दडून राहतो. आठ-दहा, कधी बारा वर्षं काहीच कळत नाही. मग तो हळूहळू मेंदू पोखरायला लागतो. पहिलं लक्षण ताप नसतं, दुखणं नसतं. मुलाचं लिहिणं-वाचणं बिघडतं. शब्द गळतात, ओळी सुटतात. अक्षर बघूनच पालकांना संशय येतो."

"आणि औषध?" मी विचारलं.

"पूर्वी नव्हतंच. आता तीन वर्षांपासून एक इंजेक्शन आहे. विषाणूला जागच्या जागी थोपवतं. पण गेलेलं परत आणत नाही, म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांत द्यावं लागतं. हिचं लिखाण कधीपासून बिघडलं?"

रोहिणीताईंनी फोन काढून ब्लॉग पुढं केला. डॉक्टर वाचत गेल्या. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. मागच्याच शुक्रवारचा लेखही वाचला. मग त्यांनी स्कॅनचा फोटो उजेडावर धरला, परत फोनकडं पाहिलं आणि मला विचारलं, "हे कुणी लिहिलंय?"

मी मेळचं सांगितलं. स्कॅनवरून त्यांचा अंदाज होता, दुखणं सुरू होऊन चार महिने झालेत. इंजेक्शन दिलं ते नुसतं आईच्या समाधानासाठी, आणि तसं त्यांनी स्पष्ट सांगितलंही.

वडूजला परत आल्यावर मी जोया आणि रुद्रला ग्रंथालयात बोलावलं. दोघंही चिठ्ठी लिहायला कागद शोधायला लागले.

"बोला," मी म्हणाले. "तोंडानं बोला. तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

रुद्र रडायलाच लागला. जोया म्हणाली, "दसऱ्यापासून, बाई. तिला शब्द सुचायचे नाहीत. कधी कधी ती नुसतीच बटणं दाबायची. मग मेळ नीट करायचं."

"आणि तुम्ही सांभाळून घेतलंत!" माझा आवाज चढला. "गटाचे मार्क जातील म्हणून? अगं, मला एका शब्दानं सांगायचं होतंत की!"

 जोयाचे डोळे कोरडे होते.

"तिनं सांगितलं होतं की, बाई. बोलताना अडखळायची म्हणून तिनं ब्लॉगातच लिहिलं, तुमच्यासाठी. तुम्हीच म्हणता ना, लिहून द्या. आणि तुमचा शेरा पण आला होता. ती म्हणाली, बाईंना सांगितलंय, बाई बघतील. मग आम्ही गप्प बसलो."

मी टॅब उघडला. कच्ची वही रिकामी असणार, मीच तर पुसत होते. पण दसऱ्याच्या आठवड्यातल्या शनिवारी मी भाचीच्या साखरपुड्याला गेले होते. त्या एका आठवड्याचं पुसायचं राहिलं होतं. ईश्वरीच्या नावावर बोट ठेवलं आणि तिचं कच्चं समोर आलं.

'खरं सांगू का बाई मला ओळ सापडत नाही. ओळ पळते. हात आपोआप उडतो. काल आईचं नाव आठवलं नाही खूप वेळ. आईला नका सांगू ड्युटी आहे. मला भीती. तुम्ही सांगा काय करू'

त्याच आठवड्याचं पक्कं त्याच्या शेजारीच होतं. मेळनं ताडून बघितलं होतं. ईश्वरी कधी भ्यायची नाही. ईश्वरी बाईंना हाक मारून लिहायची नाही. ईश्वरी विनोद करायची.

'खरं सांगू का? दसऱ्याला देवळासमोर ओळ सापडतच नाही, सगळी ओळ पळत असते! सोनं लुटायला हात आपोआप उडतात. त्या गर्दीत मला आईचीसुद्धा आठवण आली नाही, कारण आई ड्युटीवर. आता तुम्हीच सांगा, काय करू?'

खाली माझा शेरा होता. 'छान! असंच मोकळेपणानं लिहीत जा.'

दोन्ही पोरांसमोर मी रडले. एकतीस वर्षांत ग्रंथालयात एवढा आवाज कुणी केला नसेल.

मेळला दोष द्यायचा तर काय देऊ? त्याला सांगितलं होतं, पोर जसं होतं तसं ठेव. त्यानं ठेवलं. पोरगी तळाला चालली होती आणि ते तिला दर शुक्रवारी ओढून ऑगस्टात आणून बसवत होतं. आम्ही सगळे त्या ऑगस्टातल्या ईश्वरीकडं बघून टाळ्या वाजवत होतो. ती कच्ची पानं मी ठेवली असती, एकदा नुसती चाळली असती, तर दसऱ्यालाच तिला पुण्याला नेता आलं असतं. दसऱ्याला वेळ होता. डॉक्टरांनी हिशेब मला तोंडावर सांगितला नाही, पण तो मला येतो.

फेब्रुवारीच्या शेवटी ईश्वरीला घरी आणलं. हॉस्पिटलात आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी ते कच्चं पान छापून घेतलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि तिच्या घरी गेले. ठरवूनच गेले होते. रोहिणीताईंना पान दाखवायचं, काय असेल ते ऐकून घ्यायचं आणि शाळेच्या ब्लॉगमधून ईश्वरीचा ठसा काढायची परवानगी मागायची. कारण मेळ थांबलं नव्हतं. पोरगी गैरहजर, म्हणून दर शुक्रवारी तिचा भाग तेच लिहीत होतं.

ईश्वरी खाटेवर होती. डोळे उघडे, पण नजर कुठंच ठरत नव्हती. थोड्या थोड्या वेळानं अंगाला झटका बसायचा. उशाशी रोहिणीताई बसल्या होत्या, बिनपगारी रजा टाकून. हातात फोन होता आणि त्या तिला वाचून दाखवत होत्या. "'खरं सांगू का? यात्रेतल्या पाळण्यात बसलं की गाव लहान दिसतं आणि उलटी मोठी...' ऐकलंस का गं? काय बाई लिहितेस तू!"

मला बघून त्या उठल्या, पाण्याचा तांब्या पुढं केला. मी पाणी प्यायले नाही. पर्समधून पान काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. म्हणाले, "रोहिणीताई, हे तिनं मला दसऱ्याला लिहिलं होतं. माझ्यापर्यंत पोहोचलं नाही. पोहोचलं नाही, कारण मी कच्चं वाचत नव्हते. मला जोड्यानं मारा."

त्यांनी वाचलं. 'आईचं नाव आठवलं नाही' तिथं बोट ठेवून थांबल्या.  मग त्यांनी पानाची होती तशी घडी घातली, तिकिटाची घालतात तशी अंगठ्यानं दाबून, आणि ते माझ्याकडं परत दिलं.

"बाई, हे कच्चं तुमच्याकडंच ठेवा. मला नको."

"तिचा ठसा काढून टाकायचा म्हणत होते मी. ती लिहीत नाही ते. मेळ लिहितंय."

"माहितेय मला." त्यांचा आवाज एकदम वर चढला. "येडी समजता का मला? माझी पोर ही इथं पडलीये, दिसतंय मला! पण हिचे बाबा तिकडं बर्फात बसून दर शुक्रवारी तेच वाचतात. मी काय वाचू दुसरं? पंधरा दिवसांत ती एक शब्द बोलली नाही. तुम्ही काढायला निघालात? तुमच्या तोंडात हे शब्द शोभतात का?"

मी उठले. दारापर्यंत पोहोचले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, आता हळू.

"तिथं तरी ती शाळेत जातीये. तिथं तरी दहावी होऊ द्या तिला."

एप्रिलात ईश्वरी गेली. वडील पोहोचले तोवर सगळं उरकलं होतं.

पोरं नववीत गेली. जोयानं ब्लॉग सोडला, ती आता कच्च्या वहीत पेनानं लिहिते आणि खाडाखोड तशीच ठेवते. मी काही म्हणत नाही. रुद्र नुसते फोटो देतो आणि निघून जातो. हजेरीत ईश्वरीच्या नावापुढं 'दीर्घ रजा' असं आहे. नाव काढलं तर मेळ तिचं लिहिणं थांबवेल. मुख्याध्यापकांना मी तसं लिहून दिलंय, त्यांनी सही केली. कुणी विचारत नाही.

दर शुक्रवारी चार वाजता 'वडूजची वटवट'चा नवा लेख माझ्यासमोर येतो. बाईंचा शेरा पडल्याशिवाय मेळ तो पुढं सोडत नाही, तसा नियमच आहे. तिकडं स्टँडवर रोहिणीताई गाडीत बसून वाट बघत असतात. मी लेख शेवटपर्यंत वाचते. त्यात नवीन कधीच काही नसतं. मग खाली लिहिते, 'छान.'